चार आणि सतरा

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

डबा पोचला. बर्फ अर्धा वितळला होता, पण चोवीसच्या चोवीस नळ्या शाबूत आहेत आणि एकीचंही लेबल वाकडं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना कुणाचं कौतुक करायचं म्हणजे दात काढून घेतल्यासारखं होतं. पण त्याही म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला इथेच का नाही आणत?" मी म्हटलं, नको हो बाई, ती आपल्या सगळ्यांना रांगेत उभं करून हात धुवायला लावेल. तुझी चिठ्ठी डब्यातच निघाली, इतकी गार की वाचता वाचता बोटं बधिर झाली. यापुढे असंच करू. पोस्टापेक्षा तुमच्या वृद्धाश्रमाची गाडी लवकर येते, आणि फोनवर तू "हं, ठेवते आता" यापुढे काही बोलतच नाहीस.

हे रक्त घेऊन तुम्ही करता तरी काय, असं विचारलंयस. सांगते. तुझ्याकडच्या या चोवीसही जणांच्या अंगात तुमच्याकडे आलेल्या त्या तापाचा जंतू सापडलाय. त्यातले बारा जण चांगलेच आजारी पडले आणि बारा जणांना साधी शिंकही नाही. हे कसं काय? म्हणून आम्ही प्रत्येकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतो, काचेच्या बशीत तोच जंतू त्यांच्यापुढे ठेवतो आणि त्या किती चवताळतात ते मोजतो. त्याची कागदावर रेघ येते. पेशी चवताळल्या की रेघ वर जाते. रक्त कुणाचं ते मला कळत नाही, मला फक्त एक ते चोवीस आकडे. नावांची वही तुझ्यापाशी आहे आणि ती मलासुद्धा दाखवायची नाही, असा नियम आहे.

बाकी मी मजेत. सहावा सरला. टेबलापासून हातभर लांब बसते तेव्हा कुठे पोट मावतं. तू ऑक्टोबरात येऊन गेलीस तेव्हापासून यांचा खोकला मात्र हटत नाहीये. त्या नकाशांच्या कचेरीत दिवसभर धूळ, दुसरं काय. दहा फेब्रुवारीची तारीख दिली आहे. त्याआधी आठ दिवस तू इथे हवीस. बाळ आधी तुझ्या हातात जाणार, मग माझ्या. यावर चर्चा नाही.

तुझी चिंगी


१२ नोव्हेंबर

चिंगे,

मजेत म्हणे! पाय सुजतात का ते लिहायचं सोडून बाईंचं पुराण लिहून पाठवलंस. दुपारी पाय उशीवर ठेवून पडत जा. जावईबापूंना सांग, खोकला अंगावर काढू नका.

रक्त काढायचं म्हटल्यावर इथे जी धांदल उडाली, ती तू बघायला हवी होतीस. दोन आजोबा झोपेचं सोंग घेऊन पडले. एका आजींनी विचारलं, परत कधी देणार? आणि आमचे इस्त्रीकाका! बारा वर्षं इथलं सगळं धुणं आणि इस्त्री सांभाळतात, चादरींची ओली मोट एका हाताने उचलतात. सुई बघितली आणि कपड्यांच्या ढिगावर आडवे झाले. पण ते जाऊ दे. बारा आजारी आणि बारा धडधाकट, असे चोवीस मागितले होतेस, चोवीस पाठवले. मी कधी अर्धवट काम पाठवलंय?

त्या धडधाकट बारांत मीही आहे बरं का. नंबर सांगणार नाही, नियम तुझाच. माझ्या अंगात जंतू आहे म्हणे, असू दे बापडा. मला आयुष्यात कणकणसुद्धा आलेली नाही. आई तापात गेली, पुढे बाबा, मग माझं ते आठ महिन्यांचं लग्न. सगळ्यांच्या उशाशी मीच होते. तू सात वर्षांची होतीस, तापाने नुसती फणफणलेली, एकवीस दिवस माझ्या मांडीवर. बाबा म्हणायचे, ही पोरगी लोखंडाची आहे. तुझं बाळंतपण म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. येते मी.

ताई


२५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाय सुजत नाहीत. झालं समाधान?

आज तुला एक विचित्र गोष्ट लिहायची आहे. बावीस जणांचं रक्त आमच्या अपेक्षेप्रमाणे वागलं. आजाऱ्यांच्या पेशी उशिरा जाग्या होतात आणि मग इतक्या खवळतात की माणसालाच आडवं करतात. धडधाकटांच्या पेशी झटकन उठतात, काम उरकतात आणि गप्प होतात. पण चार नंबर आणि सतरा नंबर यांची रेघ वर उठतच नाही. आडवी. जंतू जिवंत आहे, पेशी जिवंत आहेत आणि पेशी ढिम्म. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बाकीच्यांच्या पेशी जंतूवर तुटून पडतात. यांच्या पेशी त्याला आत घेतात आणि मारत नाहीत. दुसऱ्या दिवशी बघावं तर आत त्याची पिल्लावळ, आणि पेशी चांगली गुटगुटीत. सांभाळायला घेतल्यासारखं वाटतं गं ते.

दुसरं त्याहून वाईट. त्या आडव्या रेघेलाही बारीक चढउतार असतात, प्रत्येक माणसाचे वेगळे. चार आणि सतराचे कागद मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. एकच रेघ दिसली. बाई म्हणाल्या, असं दोन माणसांत होत नाही, सख्ख्या जुळ्यांतही नाही. तीनदा परत केलं. तिन्ही वेळा तेच. एकच माणूस दोन खुर्च्यांवर बसलाय, असं वाटतं. हसशील, पण त्या दोन बशा कपाटात ठेवताना मी त्यांच्याकडे पाठ करत नाही. भर दुपारी, खोलीत चार माणसं असताना.

नियम मोडून विचारते, बाईंनीच विचारायला सांगितलंय. कोण आहेत हे दोघं? नात्यातले आहेत का?

यांना आता बारीक तापही येतोय. रजा टाकून घरीच आहेत. चहा मागतात आणि अर्धा तसाच ठेवतात.

चिंगी


२९ नोव्हेंबर

चिंगे,

सतरा म्हणजे इस्त्रीकाका. चार नंबरची बाई स्वयंपाकघरात होती, ती काम सोडून गेली, पत्ता नाही. दोघांचं काही नातं नाही. मशीन बिघडलं असेल तुमचं.

आडवी रेघ म्हणजे काय ते नीट लिही. त्या माणसांना काही होणार आहे का?

जावईबापूंना डॉक्टरांकडे ने. वाट बघू नकोस.

ताई


११ डिसेंबर

प्रिय ताई,

एवढंसं पत्र? रागावलीस का, नाव विचारलं म्हणून?

त्या माणसांना काही होत नाही. तेच तर आहे. बाई म्हणतात, यांचं आणि जंतूचं जमलंय. यांचं शरीर त्याला हाकलत नाही, तो यांना त्रास देत नाही. ही माणसं ठणठणीत राहतात, म्हातारी होतात. पण त्यांच्या श्वासातून, हातांतून तो आजूबाजूच्यांकडे जात राहतो, वर्षानुवर्षं. आणि ज्याला जातो त्याचं शरीर चवताळून उठतं. म्हणजे बघ, इस्त्रीकाका बारा वर्षं प्रत्येकाच्या उशीचा अभ्रा हाताळतायत. दर थंडीत तुमच्याकडचे दोनचार जण जातात ते वयाने जातात, असं आपण समजत होतो. बाईंनी तुमच्या व्यवस्थापकांना कळवलंय की सतरा नंबरला वेगळं ठेवा. नाव मी दिलं. मला बरं वाटलं नाही, पण दिलं.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. आई, बाबा, भाऊजी, तिघंही तापानेच गेले. आपल्या घरीसुद्धा असं कुणी येत असेल का? ती दूध घालणारी आठवते? कायम हसतमुख, कधी खाडा नाही. माझ्या गालाला हात लावायची. मला तर तीच असावी असं वाटतं. इतकी वर्षं झाली आणि काल एकदम तिचा राग आला, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

हे फार अशक्त झालेत. लग्नात कसे होते आणि आता मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. डॉक्टर म्हणतात थांबू. तू जानेवारीतच येतेस का?

चिंगी


२२ डिसेंबर

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. दूधवालीचं काढू नकोस.

इस्त्रीकाकांना वरच्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत ठेवलंय. बाहेरून कडी. त्यांनी इस्त्री केलेले कपडे लोकांनी अंगणात फेकून दिले. ज्यांना ते रोज हात धरून बागेत न्यायचे, त्या आजी त्यांचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावतात. काका मला एवढंच म्हणाले, "ताई, मी तर रक्त दिलं नव्हतं ना? शुद्ध गेली होती माझी." मी म्हटलं, शुद्ध नसतानाच काढलं.

त्यांच्या खोलीत जायला कुणी तयार नाही, म्हणून मला खालच्या कामातून मोकळं करून त्यांच्यावर नेमलंय. दोन्ही वेळचं जेवण, चहा, औषध, सगळं मीच करते. तेव्हापासून खाली एकालाही नवा ताप नाही. व्यवस्थापक छाती फुगवून सांगत फिरतायत, बघा, बरोबर माणूस धरला.

नवव्या दिवशी इस्त्रीकाकांना ताप आला. एकशेतीन.

मला फेब्रुवारीत जमणार नाही. गुडघ्याने उचल खाल्लीय. तिथे कुणी चांगली सुईण किंवा नर्स ठरवून ठेव. जावईबापूंना दवाखान्यात ठेव, घरी नको.

ताई


२८ डिसेंबर

ताई,

गुडघा? ऑक्टोबरात तीन जिने चढून आलीस, माझ्याआधी वर पोचलीस आणि खालून येणाऱ्या मला हसलीस. कुणाला गुडघा सांगतेस?

यांना दवाखान्यात हलवलंय. नळी लावून श्वास देतायत. मी काचेबाहेर बसते, पोटाला हात लावून. आठवा लागलाय. मला सासू नाही, आई नाही. होती ती तूच. कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे, कारण मागायच्या आत तू द्यायचीस. पहिल्यांदा मागितलं आणि तू म्हणतेस नर्स ठरव. परक्या म्हाताऱ्यांची उशापायथ्याला बसून सेवा करतेस, इस्त्रीवाल्याला दोन्ही वेळा भरवतेस आणि माझ्यासाठी तुला पाय नाहीत.

खरं कारण लिही. नाहीतर लिहूच नकोस.


५ जानेवारी

चिंगे, बाळा,

खरं लिहिते. बसून वाच.

चार नंबर मी. सतरा पण मीच.

काका आडवे झाले तेव्हा त्यांना खाटेवर निजवलं, कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं. पुन्हा सुई काढली की डोळे पांढरे. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तू बारा धडधाकट मागितले होतेस, माझ्याकडे अकरा नळ्या होत्या. मला वाटलं, एक कमी पडली तर चिंगीचं काम अडेल, तिची ती बाई पोटुशीला चार लोकांत बोलेल. डाव्या हातातून एक नळी आधीच काढली होती, मग उजव्या हातातून दुसरी काढली. लेबल लावलं, सतरा. एवढंसं काम होतं ते. रक्त ते रक्त, असं मला वाटलं.

तुझं पंचवीस तारखेचं पत्र आलं तेव्हा लाज वाटली फक्त. चोरी पकडली जाईल म्हणून खोटं लिहिलं. अकरा डिसेंबरचं आलं तेव्हा काय ते कळलं. आणि तरीही गप्प बसले, चिंगे. माझं पाप त्या बिचाऱ्याच्या दाराला कडी घालून बसलं आणि मी त्याला चमच्याने भरवत होते. माझ्याच हाताने. तो तापला तेव्हा मी जायची थांबले, व्यवस्थापकांना म्हटलं, आता तुम्ही न्या जेवण. कुरकुरत नेलं त्यांनी. सहाव्या दिवशी काका उठून बसले. याहून आणखी कसली परीक्षा करायची?

आई शेवटी सारखं पाणी मागायची. माझ्याच हातचं हवं, दुसऱ्या कुणाचं नको म्हणायची. बाबा म्हणायचे, तू जवळ बस, बरं वाटतं. इथल्या एकोणीस वर्षांत किती जणांना जवळ घेतलं, त्याची मोजदाद नाही. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांना मी जास्त जवळ घेतलं.

काल सगळं सांगितलं. आता त्या वरच्या खोलीत मी आहे. काका रोज खिडकीखाली उभे राहून विचारतात, "ताई, जेवलात का?" त्यांच्याकडे बघवत नाही.

ऑक्टोबरात मी सहा दिवस तुमच्याकडे होते. जावईबापूंना रोज सकाळचा चहा मी करून दिला. मला माफ करू नकोस. पण बाळ माझ्या हातात देऊ नकोस. फोटोही पाठवू नकोस, मग मला राहवणार नाही.

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हे गेले. एकोणीस जानेवारीला, सकाळी साडेदहा वाजता. तुला कळवलं नाही, कारण तुझ्यावर इतका राग होता की अक्षर लिहिता येईना. तुझं पत्र मी फाडलं होतं. मग परत चिकटवलं.

मुलगी झाली, सात तारखेला. तू म्हणालीस तशी नर्स ठरवली होती.

आता हे नीट वाच. यांच्या कचेरीतून त्यांचं सामान आलं. त्यात रजेचे अर्ज होते. पहिला अर्ज चौदा सप्टेंबरचा. कारण, खोकला आणि बारीक ताप. ताई, तू आलीस ऑक्टोबरात. तू आलीस तेव्हा हे आधीच आजारी होते, मीच विसरले. अर्जावर त्यांची सही आहे, मी दहा वेळा वाचलाय.

मग आमच्या घरात कोण होतं?

आम्ही प्रयोगशाळेतली माणसं स्वतःचं रक्त वापरत नाही, नियम आहे. हे गेल्यावर नवव्या दिवशी मी कामावर गेले, माझंच रक्त काढलं आणि तपासायला लावलं. रेघ उठली नाही. तासभर बसून राहिले, तरी उठली नाही. सात वर्षांची असताना एकवीस दिवसांनी मी बरी झाले, असं आपण धरून चाललो. मी बरी झालेच नाही. फक्त ताप उतरला. पोटात बाळ असलं की शरीर सैल पडतं आणि आतलं जास्त बाहेर येतं, असं बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांनी खुर्ची मागे सरकवली. पंधरा वर्षं आम्ही एका ताटात जेवलोय. तेव्हापासून मी रजेवर आहे.

यांना तू नाही मारलंस. मी मारलं. रात्रंदिवस जवळ बसून, कपाळावर हात ठेवून.

जन्मली तेव्हा नाळेतलं थोडं रक्त मी मागून घेतलं. बाईंनी लावून दिलं, शेवटचं म्हणून. तीच आडवी रेघ. पोरगी गोड आहे गं. रडत नाही फारशी. कुणी आलं की टक लावून बघते आणि हात पुढे करते, इतक्या लहान वयात करत नाहीत मुलं तसं. तिला पाच दिवस अंघोळ घातली ती नर्स आता तापाने पडली आहे. शेजारच्या बाई दारात दूध ठेवतात, बेल न वाजवता जातात. मी त्यांना तसंच सांगितलंय.

मी दमलेय. तिला माझ्याशिवाय कुणी उचलायचं नाही आणि मला दोनच हात आहेत. या घरात आता तुझ्यामुळे आजारी पडेल असं कुणी उरलेलं नाही. तुला हवं तेवढं तिला घे, मांडीवर निजव, माझ्या डोक्याला तेल लाव. तू ये.

गाडीत मागच्या बाकावर एकटी बस आणि खिडकी उघडी ठेव. कुणी कितीही आग्रह केला, जागा नाही म्हणालं, तरी कुणाचं मूल मांडीवर घेऊ नकोस.

चिंगी